रिकाम्या पाळण्यातलं रक्त

सफरअलीच्या अंगणात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. तुतीखालच्या ओट्यावर बायका, भिंतीवर पोरंसोरं, छपरावर वाळत घातलेल्या जर्दाळूंमधून जागा करून बसलेले पुरुष. एवढं माणूस जमलं होतं, पण आवाज येत होता तो फक्त मण्यांचा. अंगणाच्या मधोमध एक रिकामा पाळणा ठेवला होता. त्याच्या दांडीला निळ्या मण्यांच्या माळा होत्या आणि भोवती फोलबीन रोहत गिरक्या घेत होती. तिची टाच आपटली की मणी टिकटिकायचे. आत एखादं बाळ हात हलवत असावं तसे.

फोलबीन म्हणजे काय हे आमच्या तूतजार गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जिच्या अंगात येतं, जी मागचं सांगते आणि पुढचं टाळते, आणि दोन्हींबद्दल एकेक मेंढी घेऊन जाते, ती फोलबीन. ही तर शहरातून भाड्याच्या गाडीने आली होती. म्हणजे मेंढी मोठी लागणार हे उघड होतं.

"आली गं बायांनो, आली!" रोहत किंचाळली. "पिवळे केस, उलटी पावलं! पाळण्यात बसलीय बघा अल्बस्ती! बाळंतिणीचं काळीज खाणारी, लेकराचा श्वास चोरणारी! दिसतेय का कुणाला?"

"नाही," बायका एका सुरात म्हणाल्या.

"कशी दिसेल? तिला बघायला डोळे लागतात, ते मला आईच्या पोटातूनच मिळालेत. तुम्हाला मी तिचं रक्त दाखवते."

आमच्या पाळण्याच्या तळाला एक भोक असतं आणि त्याखाली मडकं, बाळाचं मूत थेट त्यात पडावं म्हणून. आतून पांढरं असलेलं ते मडकं रोहतने उचलून सगळ्यांना दाखवलं. कोरडं ठणठणीत. ते जागेवर ठेवलं, पाळण्यावर दुलया टाकल्या, आणि कमरेच्या बाटलीतलं सात झऱ्यांचं पाणी दुलई जराशी वर करून आत ओतलं. निवळ पाणी होतं, सगळ्यांनी पाहिलं. मग मडकं बाहेर काढलं.

आत लालभडक.

बायकांनी गळ्याशी कपडा चिमटीत धरला, जसा आमच्याकडे भीतीने धरतात. बीबी ओयजमोल, म्हणजे सफरअलीची म्हातारी आई, ओट्यावर बसल्या बसल्या पुढे झुकली आणि तिच्या मांडीवरची रुमालात बांधलेली नान घरंगळली. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? त्या पाळण्यात काय काय घडलं होतं ते मला माहीत होतं.

सफरअलीची थोरली मुलगी मवजुना. तिचं लग्न सख्ख्या चुलत्याच्या मुलाशी, कोमिलशी झालेलं. दोघांचे बाप भाऊ आणि दोघांच्या आया बहिणी. असं दुहेरी नातं जमलं की आमच्याकडे लोक म्हणतात, घरचं तूप घरच्याच भातावर पडलं. मवजुनाला तीन मुलं झाली आणि तिन्ही गेली, अधेमधे दोनदा दिवस राहून पडलं. ती बाळं मी पाहिली होती. जन्मताना गोरीगोमटी, रडणं खणखणीत. मग काही महिन्यांत अंग चिंधीच्या बाहुलीसारखं ढिलं पडायचं. मान धरायची नाहीत, पाय उचलायची नाहीत. चेहरा मात्र हसरा आणि डोळे इतके जागे, की पाळण्यापाशी कुणी गेलं की त्याच्या मागे मागे फिरायचे. शेवटी शेवटी त्या देहात डोळेच काय ते हलायचे. मग सर्दीचं निमित्त होई आणि श्वास थांबे. अजूनही वर्गात फळ्याकडे वळले की ते डोळे मला पाठीवर जाणवतात.

तिसरं बाळ त्या वसंतात गेलं होतं. आणि आज त्याच घरात मवजुनाच्या धाकट्या बहिणीची, बुनफशाची नान मोडायची होती. कोमिलच्या धाकट्या भावाशी, दिलोवरशी. नान मोडली की लग्नाचा शब्द पक्का. मोडलेली नान कुणी जोडू शकत नाही. त्याआधी पाळणा शुद्ध व्हावा म्हणून हा सगळा खटाटोप.

"ही आली कुठून ते सांगू?" रोहतने मडकं छातीशी धरलं. "परक्या पाण्याबरोबर आली! बाहेरची सून आणता ना, तिच्या ओढणीच्या टोकाला चिकटून येते ती. या गल्लीत परकी कोण आहे ते मला विचारू नका."

विचारायची गरजच नव्हती. सगळं अंगण माझ्याकडे वळलं.

मी सनवबर. माहेर खुजंदचं, डोंगरापलीकडचं. शेजारच्या घरात सून म्हणून आले, माझे केस पिकत आले, तरी मी अजून 'खुजंदची'च. शाळेत मुअल्लिमा, म्हणजे मास्तरीणबाई, आहे; जीवशास्त्र शिकवते, आणि दुसरं कुणी यायला राजी नाही म्हणून रसायनही. स्वभाव फटकळ आहे, हे नवऱ्याला विचारलंत तर तो अर्ध्या तासात थोडक्यात सांगेल.

"माझी दोन्ही पोरं याच पाळण्यात वाढली," मी म्हणाले. "बीबीनेच हौसेने दिला होता. ती बघा धाकटी, भिंतीवर बसून दुसऱ्याचे जर्दाळू खातेय."

"अगं, अल्बस्ती आपल्या मालकिणीची पोरं कशी खाईल?" ओलिमा खोला म्हणाली. ही आमच्या गल्लीतली सगळ्यांची मावशी. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

रोहतला हवं होतं ते मिळालं. तिने हात वर केले. "उपाय ऐका! बाहेरची आणू नका, आपली बाहेर देऊ नका. रक्त रक्ताशी बांधा, म्हणजे हिला घरात शिरायला फटच राहणार नाही. आत्ताच्या आत्ता नान मोडा! दोन बहिणी दोन भावांच्या घरात बसल्या की अल्बस्ती उपाशी मरते!"

"आमीन," सफरअली छपरावरून म्हणाला. तो चांगला माणूस. तीन नातवंडं त्याने स्वतःच्या हातांनी पुरली होती. तो कशालाही आमीन म्हणाला असता.

बुनफशा आईच्या मागे उभी होती. माझी विद्यार्थिनी, गुणाची पोर. दिलोवर तिला नकोसा नव्हता, हे मला ठाऊक होतं, म्हणजे ती नाही म्हणणार नव्हती. तिच्याही पाळण्यातून ते डोळे माझ्याकडे बघणार होते.

मी पुढे होऊन मडक्यात डोकावले. रक्त मी वर्गात पाहिलंय, बाळंतपणात पाहिलंय. ते असं डाळिंबी गुलाबी नसतं. आणि उन्हात रक्त काळवंडतं. इथं दुलईच्या पांढऱ्या काठावर उडालेले थेंब चक्क फिके पडत चालले होते. माझी भीती गेली आणि तिच्या जागी राग आला. राग मला बरा मानवतो.

"रोहत अपा, एक विचारू?"

"विचार की. चोराच्या मनात चांदणं."

"हे मडकं कुणी धुतलं?"

"मीच. नापाक हात लागायचे नसतात."

"कशाने धुतलं?"

"दुआने!"

वाङ्‌निश्चयाच्या जेवणासाठी ओट्यावर कांदा चिरून ठेवला होता, शेजारी सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली. मी ती उचलली आणि अर्धी मडक्यात ओतली. लाल रंग कडेने फाटला, मधे जरा घुटमळला आणि गेला. मी मडकं फिरवून सगळ्यांना दाखवलं. आत पाणी होतं, कांद्याच्या सिरक्याचा वास येणारं.

"सिरक्याने रक्त असं नाहीसं झालेलं पाहिलंय कुणी? तसं असतं तर खाटकाचा ओटा चकचकीत नसता का?"

"जादूटोणा!" रोहत ओरडली. "बघा, तिची अल्बस्ती तिनेच लपवली!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या.

"बरं, मी लपवली. आता परत आणते. बुनफशा, धुण्याचा सोडा आण गं चिमूटभर. आणि अपा, ती सात झऱ्यांची बाटली द्या."

रोहतने बाटली दोन्ही हातांनी पोटाशी धरली. तेवढ्यात दिलोवर छपरावरून उतरला. "द्या ना अपा. झऱ्याचंच पाणी आहे, त्यात काय?" असं म्हणत त्याने ती अलगद सोडवून घेतली. पांढऱ्या वाडग्यात मी सोडा टाकला, दिलोवरने पाणी ओतलं. लालभडक! मी सिरका ओतला. निवळ!

"मुअल्लिमा!" दिलोवर ओरडला. "अहो, हे तर तुम्ही आठवीत दाखवलं होतं!"

"दाखवलं होतं. तू झोपला होतास."

पहिल्यांदा छप्पर हसलं, मग भिंत, मग ओटा. मी समजावून सांगितलं. जुलाबाच्या जुन्या गोळ्यांमध्ये एक औषध असायचं. ते नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी वोडकात विरघळवायचं आणि मग पाण्यात मिसळायचं. दिसायला पाणीच. पण सोड्याने धुऊन वाळवलेल्या मडक्यात पडलं की लाल होतं, आणि आंबट पडलं की पुन्हा पाणी.

"म्हणजे सातांतला एक झरा वोडकाचा?" छपरावरून कुणीतरी विचारलं.

"आणि बाकीचे सहा जुलाबाचे," दुसरा म्हणाला.

हसणाऱ्या गर्दीपुढे कुणाचं अंगात आलेलं टिकत नाही. रोहतने चपला शोधल्या. मेंढी दावणीलाच राहिली आणि गाडीची धूळ नदीकडे उडत गेली. बायका डोळे पुसत हसत होत्या. मीही हसत होते. मला वाटलं, झालं काम.

तेव्हा मण्यांचा आवाज आला. मवजुना पाळण्यापाशी उभी होती आणि तिचा हात दांडीवर होता.

"हसून झालं?" ती म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळली.

"मुअल्लिमा, तुम्ही रक्त पुसलंत. फार चांगलं केलंत. आता मला सांगा, माझी पोरं कुणी खाल्ली?"

मला कबूल करायला हवं, लबाडी उघडी पाडणं सोपं असतं. सिरका पुरतो. पण त्यामागचं दुःख खोटं नसतं आणि ते जागचं हलत नाही. मी तिच्याजवळ गेले. मागच्या हिवाळ्यात मीच तिला शहरातल्या डॉक्टरणीकडे नेलं होतं. तिने बाळाचे पाय उचलून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला होता, 'नवरा तुमचा कोण लागतो?' मवजुनाने अभिमानाने सांगितलं, 'चुलतभाऊ. मावसभाऊसुद्धा.' डॉक्टरणीने पुष्कळ समजावलं. पण घरी आल्यावर सफरअली भडकला होता: 'आजार पोराला, आणि ही बाई आमची सोयरीक काय विचारते!' विषय तिथेच मिटला होता.

आता मी त्यालाच हाक मारली. "सफरअली अका, खाली या. जर्दाळूच्या झाडाबद्दल विचारायचंय."

जर्दाळू म्हटलं की सफरअली झोपेतून उठतो. खोऱ्यात त्याच्यासारखी कलमं कुणी बांधत नाही. तो आला.

"ज्याच्या कोयीतला बदाम गोड, अशा झाडाची कोय पेरली तर येणारं झाड गोडच निघतं?"

"नेहमी नाही. म्हणून तर कलम करायचं. कधी कधी कडू निघतं."

"दोन्ही बाजूंना गोड झाडं असली तरी?"

"तरीही."

"मग कडू येतं कुठून?"

"आतच असतं, मुअल्लिमा. दबून असतं. गोड वर असलं की दिसत नाही."

"आणि एकाच झाडाच्या कोयींची रोपं शेजारी शेजारी लावली, त्यांच्यातच फळ धरलं, त्याच्या कोयी पेरल्या तर?"

"तर कडू जास्त..." सफरअली बोलता बोलता थांबला. त्याने मवजुनाकडे पाहिलं, मग बुनफशाकडे, आणि मटकन ओट्यावर बसला.

बाकीच्यांसाठी मी ताटातले, जर्दाळूच्या कोयी फोडून काढलेले बदाम घेतले. गोड आणि कडू, दोन्ही आमच्या घरात असतातच. "प्रत्येक माणसाच्या मुठीत अशी जोडी असते," मी म्हणाले. "एक आईने दिलेला, एक बापाने. लेकराला आपण त्यातला एक देतो, कुठला ते आपल्या हातात नसतं. एक गोड, एक कडू, तर माणूस धडधाकट. मवजुना बघा, कोमिल बघा. पण दोघांकडूनही कडूच आला, तर त्या बाळाच्या अंगात बळ राहत नाही. मान धरत नाही. श्वास पुरत नाही."

"मग बाहेरच्यांच्या मुठीत कडू नसतो होय?" ओलिमा खोलाने विचारलं. "तू काय साखरेची आहेस?"

"माझ्याही मुठीत आहे, खोला. सगळ्यांच्याच मुठीत काही ना काही कडू असतं. पण माझं कडू वेगळं, माझ्या नवऱ्याचं वेगळं. वेगवेगळी कडू सहसा जोडीने येत नाहीत. एका आजीची नातवंडं एकमेकांना देऊ लागली की तेच कडू दोन्ही बाजूंनी येऊ शकतं."

"मीही मावसभावाशीच लग्न केलं. पाच पोरं, एकेक बैलासारखं."

"देव त्यांना सुखी ठेवो. प्रत्येक घरात असं जोडीचं कडू नसतंच. आणि असलं तरी चार वेळांत एकदा ते दोन्हीकडून येतं, हा हिशेब आहे; पण नशीब हिशेबाने चालत नाही. गर्भ पडायला तर शंभर कारणं असतात, ती सगळी मी याच खात्यावर मांडणार नाही. पण एकाच तऱ्हेने गेलेली तीन बाळं... या घरात कडू आहे, खोला. हे आता कळलंय. कळल्यावरही तोच हात त्याच मुठीत घालायचा?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून आमची घराणी मुठी झाकून बसतात. आत काय आहे ते कुणी बघत नाही.

"म्हणजे मी कडू?" मवजुनाने विचारलं. तिचा आवाज मला नीट ऐकूही आला नाही, ओठ दिसले.

"नाही गं पोरी. एकटी कुणीच कडू नसते. दोघांकडून आल्याशिवाय हे होत नाही. तुझ्याकडून जेवढं, तेवढंच कोमिलकडून, आणि दोष दोघांचाही नाही." मग मी आवाज चढवला, कारण हे छपराने ऐकायला हवं होतं. "अल्बस्तीचे केस पिवळे असोत की काळे, ती चिकटते नेहमी बाईच्याच ओढणीला! कधी कुठल्या पुरुषाच्या टोपीला चिकटल्याचं ऐकलंय? हा पाळणा घराण्यात फिरत होता आणि कडूही घराण्यातच फिरत होतं. पाळणा डोळ्यांना दिसायचा, म्हणून दोष पाळण्याचा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं चाललं होतं. आणि ती बया तर औषध म्हणून रोगच पाजायला निघाली होती."

ऊन तुतीतून खाली आलं होतं. सगळे आता बीबी ओयजमोलकडे बघत होते, कारण नान तिच्या मांडीवर होती. नान मोडण्याआधी घरातली सर्वांत मोठी बाई एक प्रश्न विचारते, शपथेवर: या दोघांनी एका छातीचं दूध प्यायलेलं नाही ना? दूध एक असेल तर ती भावंडं, लग्न हराम. बीबी हा प्रश्न इतक्या कडकपणे विचारायची की शेजारणी घाबरायच्या. एकदा तिने, नवऱ्या मुलाला लहानपणी तापात एका रात्रीपुरतं नवरीच्या आईने पाजलं होतं एवढ्यावरून, ठरलेलं लग्न मोडलं होतं.

"शब्द दिलाय, आई," सफरअली खाली मान घालून म्हणाला. "माणसं जमलीत. लोक काय म्हणतील?"

बीबीने रुमाल सोडला. नान दोन्ही हातांत घेतली.

"थोरल्या मुलाला चुलत्याची मुलगी केली, तेव्हा विचारलं," ती म्हणाली. "धाकट्याला तिची बहीण केली, तेव्हा विचारलं. मवजुनाच्या वेळी विचारलं. माझ्या स्वतःच्या लग्नातही कुणीतरी विचारलंच असेल, आणि माझी दोन अशीच गेली, मान न धरता. प्रत्येक लग्नात दूध विचारलं गं मी. रक्त विचारायचं राहून गेलं."

बुनफशा आईमागून पुढे आली. तिने बीबीच्या हातातली नान घेतली, कपाळाला लावली, आणि दिलोवरकडे पाहिलं. तो पाळण्याकडे बघत होता. मग त्याने मान हलवली, आधी थोडी, मग नीट. त्याचे डोळे भरले होते आणि त्याने ते लपवले नाहीत. बुनफशाने नान अख्खीच्या अख्खी फडताळात ठेवली. त्या दिवशी आम्ही पाहुण्यांना दुसरी नान वाढली.

एवढं सांगायचं कारण, अशी अंगणं फक्त तूतजारमध्ये नाहीत. घरचं तूप घरच्या भातावर वाढणारी माणसं सगळीकडे आहेत, बहुधा तुमच्याही गल्लीत. लबाड ओळखायला सिरका पुरतो. पण त्याला बोलवायला लावणारा प्रश्न खरा असतो, आणि खऱ्या प्रश्नाचं उत्तर खरंच शोधावं लागतं. सोयरीक करताना विचारा. दोन्ही घरांत कुणाची बाळं गेली, कशी गेली, हे विचारा. डॉक्टरला विचारा, रक्त तपासा, लाजू नका. ज्या आजाराला नाव मिळालं त्याला टाळता येतं. भुतांना टाळता येत नाही, म्हणून तर ती फोलबिणींना आवडतात.

पुढे बुनफशाचं लग्न नदीच्या खालच्या अंगाला, अगदी परक्या घरात झालं. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. बीबी म्हणाली पाळणा तोच, दुसरा नको. आणि मी हो म्हणाले, लाकडाचा काय दोष? पण रोज सकाळी बीबी बाळाला उचलून बघायची, आणि रोज सकाळी मीही कुंपणावरून बघायचे. सगळं कळत असून माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

पुन्हा मूल होऊ द्यायचं की नाही, हे मवजुनाने अजून ठरवलेलं नाही. डॉक्टरणीने तिला सगळं सांगितलंय: चारांत तीन वेळा बाळ ठीक असेल, चारांत एकदा नसेल. ती ऐकते आणि कामाला लागते. बुनफशा माहेरी होती त्या दिवसांत ती पाळण्याजवळून जाताना दांडीवरचे मणी मुठीत धरायची, वाजू नयेत म्हणून. बाळ अडीच-तीन महिन्यांचं झालं तेव्हाची गोष्ट. बुनफशाने त्याला ओट्यावर पालथं घातलं होतं, शेजारी पाळणा, पाळण्यापाशी मवजुना मणी धरून. बाळाने तोंड दुलईत खुपसलं, हुंकार दिला, आणि डुगडुगत का होईना, डोकं वर उचललं. उचलून धरलं.

मवजुनाने मूठ सोडली. मणी वाजले, आणि बाळाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.